आई-वडिलांसाठी केअर सेंटर निवडताना: कोकणात काय बघायचं, काय विचारायचं

अर्धांगवायूचा झटका येतो किंवा खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि चार-आठ दिवसांत हॉस्पिटल घरी न्यायला सांगतं. मुलं मुंबई-पुण्यात, गावच्या घरात दोघंच म्हातारी माणसं, उंबरे उंच, संडास मागच्या पडवीपलीकडे. मग केअर सेंटरची शोधाशोध सुरू होते आणि बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंवरून जागा ठरते. इमारत, बाग आणि समोरचा समुद्र यांवरून सेवा कळत नाही. अंथरुणावरच्या माणसाची कातडी, रोजच्या नोंदी आणि रात्री ड्युटीवर कोण आहे, या तीन गोष्टींवरून ती कळते. पुढचे टप्पे मुख्यतः याच तीन गोष्टी तपासण्यासाठी आहेत.

१. आधी गरज लिहून काढा

पाटीवर "वृद्धाश्रम, नर्सिंग केअर व रिहॅब" असं एका ओळीत लिहिलेलं असतं, पण ही तीन वेगळी कामं आहेत. चालत्याफिरत्या माणसाला सोबत, जेवण आणि वेळेवर गोळ्या पुरतात. नळी, जखम किंवा इन्सुलिन असेल तर चोवीस तास प्रशिक्षित नर्स हवी. झटक्यानंतर किंवा हाड मोडल्यावर पुन्हा उभं करायचं असेल तर फिजिओथेरपिस्ट हवा, आणि त्याने शिकवलेलं दिवसभर करून घेणारी माणसंही हवीत.

फोन करण्याआधी एका कागदावर लिहा: स्वतः कूस बदलता येते का, आधाराशिवाय बसता येतं का, पाणी पिताना ठसका लागतो का, लघवीची नळी आहे का, रात्री गोंधळ होतो का, कुठे जखम आहे का. हॉस्पिटल सोडताना डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "सहा आठवड्यांनी हे काय करू शकतील असं तुम्हाला वाटतं?" ते उत्तर त्याच कागदावर उतरवा. ते नसेल तर पुढे व्यायाम नीट चाललाय की नाही हे मोजायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

२. कागदपत्रं

महाराष्ट्रात रुग्णांवर उपचार होणाऱ्या अशा जागेला १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. त्यावरची मुदत वाचा. एखादी संस्था फक्त वृद्धाश्रम म्हणून चालत असेल तर त्यात गैर काही नाही. पण मग तिथे नाकातली नळी, सलाइन किंवा खोल जखमेचं ड्रेसिंग कुणाच्या भरवशावर होतं, ते स्पष्ट विचारा. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, तर फिजिओथेरपिस्टची राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलकडे. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी "सिस्टर" नसते. मावशी आणि मामा मनापासून काम करतात, पण इन्सुलिनचा डोस ठरवणं हे त्यांचं काम नाही.

३. भेट द्या, पण अकरा वाजता नको

सकाळी अकराला सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, चादरी ताज्या असतात, मॅनेजर जागेवर असतो. एकदा वेळ घेऊन जा आणि एकदा न सांगता. दुसऱ्या भेटीला सकाळी सातची, संध्याकाळी सातनंतरची किंवा रविवार दुपारची वेळ निवडा. आत सोडलं नाही तर कारण विचारा. "आता अंग पुसायचं चाललंय, वीस मिनिटं थांबा" हे चांगलं कारण आहे. "कधीही यायचं असलं तरी आदल्या दिवशी फोन करा" हा नियम असेल तर ती जागा यादीतून काढा.

सोबत न्यायच्या वस्तू:
- मोजपट्टी. दाराची रुंदी ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर व्हीलचेअर वळवताना अडते, ९० असेल तर उत्तम. कमोडची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवी.
- लहान टॉर्च, घड्याळ, वही-पेन.
- गरजेचा कागद, डिस्चार्ज समरी आणि चालू औषधांची यादी.

रॅम्प असेल तर तो किती चढा आहे ते बघा. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी लागते. चिऱ्याच्या जुन्या घरात सुरू केलेल्या सेंटरमध्ये उंबरे राहून जातात आणि वॉकर तिथेच अडतो. अंगणातल्या लाद्यांवर शेवाळ आहे का, तेही पाहून घ्या.

आत गेल्यावर पाच मिनिटं काही न बोलता उभे राहा. ताज्या लघवीचा वास कुठल्याही सेंटरमध्ये कधीतरी येणारच. गादीत मुरलेला शिळा वास मात्र वेगळा असतो, आणि सगळीकडे फिनेलचा उग्र दर्प असेल तर त्याखाली काय दडलंय ते बघावं लागतं. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर आहे का? चष्मा, कानाचं यंत्र, कवळी माणसाजवळ आहेत की कपाटात? ओठ कोरडे, जिभेवर पांढरा थर, वाढलेली नखं दिसली तर तोंडाची आणि हातांची काळजी रोज घेतली जात नाही, असं समजा. कुणी हाक मारली की घड्याळ बघा. कुणीतरी वळून "आले हं आजी" एवढं तरी म्हणतं का आणि प्रत्यक्ष यायला किती वेळ लागतो, ते वहीत लिहा.

४. कातडी आणि कूस: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होतो तो एकाच जागी दाब राहिल्याने. हाडावरची कातडी दबते, रक्त पोचत नाही आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागतं. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, खांदे, डोक्याची मागची बाजू आणि कानाच्या पाळ्या या धोक्याच्या जागा आहेत. सुरुवातीला फक्त लालसर डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा पडला नाही तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट भाग हाताने चाचपावा लागतो. जखम उघडी पडल्यावर भरायला कित्येक महिने लागू शकतात.

साधारण नियम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं. प्रत्येक सेंटर "आम्ही बदलतो" असंच सांगतं. ते शक्य आहे का, याचा हिशोब तुम्हीच करा. कूस नीट बदलायला दोन माणसं लागतात, कारण अंग ओढायचं नसतं, चादरीने उचलायचं असतं. डायपर बघून, पाठ पुसून, उशा लावेपर्यंत साधारण पाच मिनिटं जातात. दहा जण पूर्ण अंथरुणावर असतील तर एका फेरीला ५० मिनिटं लागतात. वीस असतील तर १०० मिनिटं, आणि लगेच पुढची फेरी सुरू. म्हणून रात्री अशा वीस रुग्णांमागे दोनच माणसं असतील तर दर दोन तासांनी कूस बदलणं होत नाही, वहीत काहीही लिहिलेलं असो. तेव्हा "एकूण स्टाफ किती" असं न विचारता असं विचारा: "रात्री दोन वाजता या मजल्यावर जागे किती जण, आणि त्यांच्याकडे पूर्ण अंथरुणावरचे रुग्ण किती?"

आता कूस बदलल्याची वही मागा. संध्याकाळी पाचला सहा आणि आठच्या नोंदीही भरलेल्या दिसल्या तर ती वही खोटी आहे. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, बरोब्बर तासाच्या ठोक्याला असतील तरी तोच संशय घ्या. खऱ्या नोंदीत वेळा थोड्या मागेपुढे असतात, "डावी कूस", "उजवी कूस", "पाठ" असं लिहिलेलं असतं, आणि मधेच "माकडहाडावर लाल डाग, सिस्टरला सांगितलं" अशी एखादी ओळ सापडते.

एअर बेड दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पंप चालू आहे का, ते आवाजावरून आणि हात लावून बघा. मॅनेजरची परवानगी घेऊन, रुग्णाच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. मध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागत असेल तर गादीत हवा कमी आहे. एअर बेडवरही कूस बदलावीच लागते. टाचांखाली उशी ठेवलीय का? ती तिथे नको, पोटरीखाली हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते.

पलंगाचं डोकं सतत उंच ठेवलेलं असेल तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतून ताणली जाते. त्यामुळे एरवी डोकं ३० अंशांपर्यंतच ठेवतात. भरवताना मात्र ते वर घ्यावंच लागतं. कुणाला कधी किती उंच ठेवता, असं सिस्टरला विचारा. ती कारणासकट सांगत असेल तर तिला काम येतं.

"तुमच्याकडे सध्या कुणाला बेडसोर आहे का?" हेही विचाराच. "एकालाही नाही, कधीच झाला नाही" या उत्तरापेक्षा "दोघांना आहे, एक हॉस्पिटलमधूनच घेऊन आले, दर आठवड्याला माप घेतो" हे उत्तर जास्त विश्वासाचं. पडण्याच्या नोंदींचंही असंच आहे. म्हातारी माणसं पडतात. जिथे कुणी पडतच नाही असं सांगतात, तिथे नोंद होत नाही.

५. जेवण, नळ्या आणि वजन

जेवणाच्या वेळी तिथे थांबा. झटका आलेल्या बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पाणी प्यायल्यावर ठसका लागणं किंवा आवाज ओलसर, घरघरता होणं ही त्याची खूण. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, घास अर्ध्या चमच्याचा, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. नंतर अर्धा तास तरी आडवं करू नये. एका मावशीकडे भरवायला किती जण आहेत ते मोजा. नीट भरवायला वीस-तीस मिनिटं लागतात.

आपल्याकडे आजाऱ्याला पेज देण्याची रीत आहे, पण गिळायला त्रास असेल तर वर पाणी आणि खाली शितं अशी पेज अवघड जाते, कारण तोंडात एकाच वेळी पातळ आणि घट्ट सांभाळावं लागतं. मिक्सरला लावून एकसारखी घट्ट केलेली पेज किंवा घट्टसर कुळथाची पिठी जास्त सोपी. पोहे, चिवडा आणि काट्याचे मासे अशांना देऊ नयेत. स्वयंपाकघरात अशा रुग्णांची वेगळी यादी भिंतीवर लावलेली आहे का, ते बघा.

नाकातली नळी असेल तर भरवण्याआधी ती जागेवर असल्याची खात्री केली जाते का, आधी आणि नंतर साधारण ३० मिलिलिटर पाणी सोडतात का, आणि डोकं ३० ते ४५ अंश वर असतं का, ते पाहा. सगळ्या गोळ्या कुटून घालतात का, हेही विचारा. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम जातो.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. "नळी का ठेवली आहे आणि कधी काढणार?" याला उत्तर असलंच पाहिजे. डायपर बदलण्याचे कष्ट वाचवायला नळी ठेवणं चूक आहे, त्यातून जंतुसंसर्ग होतो.

वजनाची वही सगळ्यांत प्रामाणिक असते. महिन्यात ५ टक्के घट, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो वजन कमी झालं, तर कारण शोधायला हवं. उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा काटा वापरतात किंवा दंडाचा घेर मोजतात. दोन्ही होत नसेल तर वजन कुणी बघतच नाही.

६. व्यायाम

कोकणात फिजिओथेरपिस्ट बऱ्याचदा चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळहून आठवड्यातून तीन दिवस येतात. त्यात गैर काही नाही. पण त्यांचा अर्धा-पाऊण तास संपल्यावर उरलेल्या वेळात काय होतं, हे महत्त्वाचं. जेवायला खुर्चीत बसवतात का? संडासला चालवत नेतात की सोपं म्हणून डायपर लावतात? झटक्यानंतर पहिले तीन महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते. ते पलंगावर गेले तर नंतर भरून काढणं फार कठीण जातं.

रुग्णाला उठवताना उभे राहून बघा. लुळ्या हाताला धरून किंवा त्या बाजूच्या काखेत हात घालून ओढत असतील तर खांदा निखळतो आणि दुखणं कायमचं मागे लागतं. चालवताना मदतनीस कमजोर बाजूला हवा, काठी चांगल्या बाजूच्या हातात. खुब्याचा सांधा बदलला असेल तर सर्जनच्या सूचनांप्रमाणे सहसा काही काळ मांडी घालणं, खाली बसणं, भारतीय संडास, पायावर पाय टाकणं बंद असतं. या सूचना सर्जनकडून लेखी घ्या आणि पलंगाजवळ चिकटवायला सांगा.

ध्येय लेखी मागा. "सुधारणा आहे" हे ध्येय नव्हे. "दोन आठवड्यांत एका माणसाच्या मदतीने पलंगावरून खुर्चीत" असं लिहिलेलं हवं. बार्थेल इंडेक्स नावाचं ० ते १०० गुणांचं साधं मोजमाप आहे, त्यात खाणं, कपडे, संडास, चालणं अशा दहा गोष्टी येतात. दाखल होताना आणि दर पंधरवड्याला ते भरून द्यायला सांगा.

७. गोळ्या, गुंगी आणि हात बांधणं

प्रत्येक रुग्णाचा औषधांचा तक्ता वेगळा हवा आणि गोळी दिल्यावर लगेच सही हवी. इन्सुलिनची कुपी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहिलेली हवी, कारण फोडल्यानंतर ती साधारण २८ दिवसच वापरतात. "साखर ७० च्या खाली गेली तर काय करता?" हा प्रश्न रात्रपाळीच्या माणसाला विचारा, मॅनेजरला नको.

दुपारी बारालाही निम्मे लोक गाढ झोपलेले असतील तर झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या किती जणांना चालू आहेत आणि त्या कुठल्या डॉक्टरने लिहिल्या, ते विचारा. मनगटांवर पट्ट्याचे वळ, पलंगाच्या दांड्याला बांधलेली ओढणी दिसली तर तिथे ठेवू नका. नळी उपसणाऱ्या माणसाला हातमोजा घालणं, कुणीतरी जवळ बसणं, नळीची गरज पुन्हा तपासणं हे आधी व्हायला हवं.

८. पावसाळा आणि सण

मार्चमध्ये छान वाटलेलं सेंटर जुलैमध्ये कसं चालतं, हे वेगळं विचारावं लागतं.

वीज: जनरेटर आहे की फक्त इन्व्हर्टर? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राला) साधारण ३०० ते ३५० वॅट लागतात. १५० एएचची एक बॅटरी त्या एकट्यावर तीन-चार तासांत उतरते. जोडीला भरलेला सिलिंडर हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात, म्हणजे मिनिटाला २ लिटरने बारा तास. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. डिझेल किती दिवसांचं साठवता, हे विचाराच.

पाणी: नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या जागेत २२ जुलै २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. जनरेटर आणि औषधांचं कपाट त्या पातळीच्या वर आहे का? अंथरुणावरचे रुग्ण तळमजल्यावर असतील तर वर कोण आणि कसं नेणार? आणि उलट बाजूने, एप्रिल-मे मध्ये विहीर आटते का, टँकर येतो का?

कपडे: आषाढ-श्रावणात चादरी वाळत नाहीत. पलंगामागे किमान चार जोड आणि वाळवायला छपराखाली जागा किंवा ड्रायर हवा. ओलसर चादरीवर कातडी लवकर सोलते, जांघेत, स्तनांखाली आणि बोटांच्या बेचक्यात गजकर्ण होतं. टॉर्च मारून बघण्याच्या जागा याच.

रस्ता: रात्री अचानक बिघडलं तर १०८ ला फोन कोण करणार आणि कुठे नेणार? डेरवण, रत्नागिरी, ओरोस, अलिबाग की थेट गोव्यात बांबोळीला? झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तेव्हा सीटी स्कॅन असलेलं, रात्री चालू असणारं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे सेंटरला पाठ हवं. घाटापलीकडे कराड-कोल्हापूरच्या भरवशावर असतील तर कुंभार्ली किंवा आंबा घाटात दरड कोसळल्यावर दुसरा मार्ग काय?

माणसं: मावशी-मामा बहुतेक आसपासच्या वाड्यांतले असतात. लावणीच्या दिवसांत, गणपतीत आणि शिमग्याला त्यांना घरी जावं लागतं, आणि ते रास्तच आहे. गेल्या गणपतीच्या पाच दिवसांचा ड्युटीचा तक्ता दाखवायला सांगा. ज्यांनी बदली माणसांची सोय केली होती ते तो लगेच काढून देतात.

९. पैसे आणि करार

दरपत्रकापेक्षा तुमच्यासारख्याच रुग्णाचं गेल्या महिन्याचं बिल, नाव झाकून, बघायला मागा. डायपर, हातमोजे, एअर बेडचं भाडं, ड्रेसिंग, ऑक्सिजन, फिजिओ, डॉक्टरची भेट हे सगळं "पॅकेज"च्या बाहेर असू शकतं. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत, सोडताना किती दिवसांची नोटीस, मधे हॉस्पिटलमध्ये हलवलं तर त्या दिवसांचे पैसे किती, हे लिहिलेलं असू द्या. पासबुक, एटीएम कार्ड, सही केलेले कोरे कागद कुणाकडेही देऊ नका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला घरच्यांनीच काढून घ्यावा.

१०. दाखल करताना आणि पहिले पंधरा दिवस

द्यायचे कागद: आधारची झेरॉक्स, डिस्चार्ज समरी, औषधांची चिठ्ठी, रिपोर्ट आणि फिल्म, अ‍ॅलर्जीची नोंद, दोन नातेवाइकांचे फोन नंबर, त्यातला एक चार तासांत पोचू शकणाऱ्याचा. मूळ कागद स्वतःकडे ठेवा.

त्याच दिवशी सिस्टरच्या समोर माकडहाड, खुबे आणि टाचा यांचे तारखेसह फोटो काढा, वजन करून घ्या, आणि जखम असल्यास लांबी-रुंदी लिहून दोघांनी सही करा. पुढे वाद झालाच तर याचाच आधार असतो, आणि चांगल्या सेंटरला ते स्वतःसाठीही हवंच असतं.

पहिल्या पंधरवड्यात तीनदा तरी वेगवेगळ्या वेळी कुणीतरी जावं. मुंबईहून जमत नसेल तर गावातल्या भावकीतल्या किंवा शेजारच्या एकाला ही यादी द्या. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासोबत टाचाही दाखवायला सांगा. नवीन लाल डाग, वजनात घट, वाढती गुंगी किंवा कारण न सांगता लावलेली नळी, यांपैकी काही दिसलं तर आधी सिस्टर-इन-चार्जशी बोला आणि तेच लेखी द्या. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. हलवायचं ठरलं तर औषधांचा तक्ता, कूस बदलल्याची आणि वजनाची वही यांच्या झेरॉक्स घेऊनच बाहेर पडा आणि नव्या जागी पहिल्याच दिवशी पुन्हा फोटो काढा.